रिकाम्या पेटीतून बाबासाहेब काढू नका



एप्रिल महिना जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यात वणी-पांढरकवड्यापासून पुसद-उमरखेडपर्यंत वस्त्यावस्त्यांत जयंती मंडळांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मंडप, डीजे, भोजनदान, व्याख्याता, मिरवणुकीचा रस्ता या सगळ्यावर रात्री बारापर्यंत वाद होतात. मुलांच्या कार्यक्रमावर मात्र दोन मिनिटेसुद्धा खर्च होत नाहीत. कोणीतरी म्हणतो, "पोट्ट्यायसाठी एखादा जादूवाला सांगून टाका ना बाप्पा," आणि विषय संपतो. जादूवाला कोण, तो काय दाखवणार, मुले डोक्यात काय घेऊन घरी जाणार, हे कोणी विचारत नाही. आमचे भांडण या दोन मिनिटांशी आहे.

अलीकडे अशा कार्यक्रमांत एक युक्ती फार चालते. आम्ही ती जिल्ह्यात एकाहून अधिक ठिकाणी पाहिली. जादूगार एक रंगीत पेटी उचलून चारही बाजूंनी दाखवतो. पेटी रिकामी. तिच्यावर निळे फडके टाकतो, कांडी फिरवतो आणि मुलांना सांगतो, "आता सगळ्यांनी डोळे मिटून तीनदा जोरात जय भीम म्हणा." मुलांच्या आवाजाने मंडप दणाणतो. फडके निघते आणि पेटीतून बाबासाहेबांची तसबीर बाहेर येते. टाळ्या, शिट्ट्या. मंडळाचे पदाधिकारी खुर्च्यांवरून उठून घोषणा देतात. जादूगाराला ठरलेल्या बिदागीवर बक्षीस मिळते. जादूगाराला आम्ही दोष देत नाही. हीच पेटी तो गणेशोत्सवात नेतो तेव्हा तिच्यातून गणपती निघतो, शिवजयंतीला महाराज निघतात. तो गिऱ्हाईक ओळखतो. आपण कसले गिऱ्हाईक आहोत, एवढाच प्रश्न आहे. (पेटी कशी चालते ते आम्ही इथे सांगणार नाही. ते त्याच्या पोटाचे आहे. त्यावर पुढे बोलू.)

त्या मंडपात पुढच्या सतरंजीवर बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलीने काय शिकायचे? डोळे मिटले की काहीतरी मिळते, हे. "जय भीम" हा मंत्र आहे आणि तीनदा म्हटला की काम होते, हे. आणि बाबासाहेब शून्यातून प्रकट होतात, हे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या आजा-आजीने बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देव अवतार घेतो यावर आमचा विश्वास नाही, असे त्यांनी जाहीर सांगितले. घरातले देव्हारे उचलून नदीत सोडले. आता त्यांची नात-पणती त्याच बाबासाहेबांच्या जयंतीला पेटीतून अवतार निघताना बघते आणि आपण टाळ्या वाजवतो.

"एवढं काय मनावर घेता, गंमत आहे," असे आम्हाला सांगितले जाते. गंमत आहे हे मोठ्यांना कळते. लहान मुलाला गंमत आणि खरे यांतली सीमा कोणीतरी दाखवावी लागते, आणि ती दाखवणारा माणूस त्या मंचावर नसतो. शिवाय बाबासाहेबांनी स्वतः या भक्तीविषयी किती वेळा बजावले! १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेची चिरफाड केली. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे, असा इशारा दिला. तो इशारा दुसऱ्यांच्या नेत्यांपुरता होता, असे आपल्याला वाटते की काय? बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्या सहा वर्षांत काय काय झाले ते मुलांना सांगा. रामजी सुभेदारांनी उधारी करून पुस्तके आणल्याचे सांगा. रिकाम्या पेटीत हे काहीच बसत नाही.

आता दुसऱ्या टोकाला बसलेल्या आपल्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांकडे वळू. त्यांचे म्हणणे, विहारात आणि जयंतीत जादू नकोच. मुलांना प्रतिज्ञा पाठ करायला लावा, भाषण स्पर्धा घ्या, बस. हेही आम्हाला मान्य नाही. भाषण स्पर्धेत तीच पाच-सहा मुले बोलतात ज्यांचे आईवडील भाषण लिहून देऊ शकतात. बाकीची मुले मंडपाच्या मागे कुल्फीवाल्याभोवती असतात. जादू म्हटली की कुल्फी सोडून पोरे धावत येतात. तोंड उघडे, डोळे विस्फारलेले, "कसं काय केलं बे?" असा प्रश्न ओठावर. प्रबोधन करणाऱ्याला याहून चांगला क्षण कुठे मिळणार? तो प्रश्न विचारला गेला की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम उत्तर देण्याचे. पेटीवाला नेमका तिथे कांडी फिरवतो, फडके टाकतो आणि पुढच्या आयटमकडे जातो.

चमत्कारांचे काय करायचे हा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही. दीघ निकायातल्या केवट्ट सुत्तात नालंदेचा केवट्ट नावाचा गृहस्थ बुद्धांना विनंती करतो की एखाद्या भिक्खूला चमत्कार दाखवायला सांगा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. आजचा मंडळवाला म्हणतो तेच: गर्दी होईल. बुद्ध नकार देतात. कारण किती व्यवहारी आहे पाहा. ज्याचा विश्वास नाही तो म्हणेल, याला गांधारी विद्या येते, त्या जोरावर हा करतो. चमत्काराने काहीच सिद्ध होत नाही, फक्त संशय उरतो. मग बुद्ध सांगतात की ज्याला आपण मानतो असे एकच आश्चर्य आहे आणि ते म्हणजे शिकवण्याचे. माणसाला नीट समजावले आणि तो बदलला, हे आश्चर्य. विनयपिटकात पिंडोल भारद्वाजाची कथा आहे. राजगृहाच्या एका शेठजीने चंदनाचे पात्र उंच टांगले आणि जो ऋद्धीने काढील त्याचे ते, असे जाहीर केले. पिंडोलाने उडून ते काढले. बुद्धांनी त्याला सर्वांसमोर फटकारले, पात्राचे तुकडे करायला लावले आणि गृहस्थांपुढे चमत्कार दाखवायचा नाही असा नियम केला. पिंडोल खरेच उडाला का यावर वाद घालत बसू नका. कथा सांगणाऱ्यांना काय जपायचे होते ते बघा. पात्र फोडले गेले.

तेव्हा आमचे म्हणणे असे: मंचावर जादू जरूर करा, पण बुवा-बाबा-मांत्रिक ज्या युक्तीवर दुकान चालवतात ती युक्ती करा, आणि त्याच मंचावर, त्याच मिनिटाला, तिचे गुपित मुलांच्या हातात ठेवा. घरी जाऊन मुलाला ती स्वतः करता आली पाहिजे. जी युक्ती मुलाला करता येणार नाही ती आपल्या कार्यक्रमात निवडायची नाही.

गुपितावर एवढा जोर का, तर आपला सगळा इतिहास गुपिताच्या विरोधातला आहे. ब्राह्मणी व्यवस्थेची ताकद मंत्रात नव्हती, मंत्र कोणाला ऐकू द्यायचा नाही यात होती. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे-लाख ओतण्याची शिक्षा गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवली आहे. मांत्रिक आजही मंत्र पुटपुटतो, मोठ्याने म्हणत नाही. मोठ्याने म्हटला तर त्यात काही नाही हे ऐकू येईल! ज्यांच्या पूर्वजांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बंदी मोडली त्यांच्या मुलांनी जादूच्या कार्यक्रमातून "कळत नाही पण भारी आहे" एवढेच घेऊन उठायचे?

मग निवडायचे काय? आम्ही जे करतो आणि जे कोणत्याही वस्तीत पन्नास-शंभर रुपयांत होते तेवढेच सांगतो.

सगळ्यात आधी हळद. मांत्रिक नजर उतरवतो तेव्हा परातीतले पाणी लाल होते आणि तो म्हणतो, "पाहा, किती जबर नजर लागली होती." परातीत हळदीचे पाणी असते, बोटाला चुना असतो. हे मंचावर करा, आणि मग मुलांना विचारू नका, बायांना विचारा. मंडपात मागे बसलेली एखादी माय लगेच सांगते, "हळदीच्या डागाले साबण लागला की लाल होतेच न." धुणे धुणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे. चुना काय, साबण काय, दोन्ही अल्कधर्मी, आणि हळद अल्कात लाल होते. वर लिंबू पिळा, परत पिवळी. आम्ही ही युक्ती पहिली ठेवतो ती याच कारणाने. मुलाला दिसते की मांत्रिकाचे "ज्ञान" आपल्या आईला आधीपासून येत होते, फक्त तिने त्याचे पैसे घेतले नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात बायांना अडाणी ठरवण्याची एक वाईट खोड पडली आहे. तिच्यावर एवढ्या एका परातीने इलाज होतो.

मग लिंबातून रक्त. सुरीच्या पात्यावर जास्वंदीची फुले चोळून वाळू द्यायची. लिंबू कापले की रस लालभडक. करणी केल्याचा पुरावा म्हणून अंगणात टाकलेल्या लिंबाची भीती ज्या घरात आहे त्या घरातल्या मुलाने एकदा स्वतः जास्वंद चोळून लिंबू कापले की लिंबू पुन्हा लिंबू होते. (कापण्याचे काम मोठ्या मुलांकडे द्या.)

तांदळाने गच्च भरलेला अरुंद तोंडाचा गडवा घ्या. त्यात लाकडी चमच्याचा दांडा पुन्हा पुन्हा खुपसा, तांदूळ दाबत जा. शेवटी दांडा असा रुततो की नुसत्या चमच्याने गडवा वर उचलला जातो. बुवा याला "देवाने धरले" म्हणतो. दाण्यांचे घर्षण आहे. पोरांना हे करायला पाच मिनिटे लागतात आणि ती पाच मिनिटे इतका आरडाओरडा होतो की माइक बंद ठेवला तरी चालतो.

कधीही न रिकामा होणारा लोटा हेही जुने हुकमी काम. लोटा ओतला, रिकामा झाला, थोड्या वेळाने पुन्हा पाणी. कोणी त्याला अक्षय पात्र म्हणतो, कोणी गंगा. लोट्याला दोन भिंती असतात आणि मधल्या पोकळीत पाणी असते. काठाजवळच्या बारीक भोकावर अंगठा आहे तोवर हवा आत जात नाही, पाणी अडून राहते. अंगठा काढला की आत उतरते. हा लोटा विकत आणू नका. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला सुईने भोक पाडा, भरून झाकण घट्ट लावा. पाणी थांबते. झाकण सैल करा, धार लागते. मग मुलांनी बाटलीला हुकूम सोडायचा, "थांब!", "चाल!" एकाने झाकण फिरवायचे, बाकीच्यांनी ओळखायचे. आमच्या अनुभवात या आयटमला सगळ्यात जास्त मुले पुन्हा रांगेत उभी राहतात.

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते: काड्यापेट्यांचा खेळ. यात हातचलाखी काहीच नाही, म्हणून जादूगारांना तो पसंत पडत नाही. आम्हाला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आपला जिल्हा पऱ्हाटीचा. सोयाबीन कापायला, कापूस वेचायला, रात्री लाइन आली की पिकाला पाणी द्यायला आपलीच माणसे शेतात असतात, तीही बहुतेक दुसऱ्याच्या. साप चावण्याचा धोका यांनाच. आणि साप चावला की गावात पहिली धाव कित्येकदा अजून मांत्रिकाकडे असते, कारण "त्याच्या हाताला यश आहे". यश खरोखर असते, हे आपण मान्य केले पाहिजे. त्याच्याकडे नेलेली बरीच माणसे वाचतात. ते यश कुठून येते हे मुलांना कळले पाहिजे.

दहा काड्यापेट्या घ्या. सात रिकाम्या, तिनांत तुरीचा एकेक दाणा चिकटवून बंद. (सात-तीन हे आम्ही खेळासाठी धरलेले आकडे आहेत.) एका मुलाला मांत्रिक करा. डोक्याला फडके, हातात लिंबाचा डहाळा, त्याने वाटेल तो मंत्र म्हणायचा. आम्ही बेचा पाढा म्हणायला लावतो. बाकी दहा मुलांनी एकेक पेटी उचलायची, म्हणजे साप चावला. मांत्रिक प्रत्येकावर डहाळा फिरवतो, बे एके बे, बे दुणे चार. मग पेट्या उघडायच्या. सात जण वाचले! बेच्या पाढ्याने सात जण वाचवले! मांत्रिकाचा जयजयकार करायला लावा. नंतर उरलेल्या तिघांना मंचावर बोलवा आणि मुलांनाच विचारा, "याच्यावर मंत्र का नाही चालला?" मुले स्वतःहून कारणे द्यायला लागतात: याने उशीर केला, याची श्रद्धा नव्हती, याच्या घरचे वाईट होते. अगदी मांत्रिक देतो तीच कारणे. इथे थांबा. मुलांना त्यांचेच बोलणे ऐकू द्या.

मग सांगा. शेतात दिसणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, धामण, दिवड, तस्कर. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात जातेच असे नाही. त्या रिकाम्या पेट्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष ज्याच्या अंगात गेले तो दाण्याची पेटी उचललेला. त्याला बेचा पाढाही वाचवत नाही आणि मंत्रही नाही. त्याला दवाखान्यातले प्रतिसर्पविष वाचवते, आणि ते जितके लवकर तितके बरे. चावलेल्याला चालवायचे नाही, कापायचे नाही, करकचून बांधायचे नाही, गाडी करून सरकारी दवाखाना गाठायचा. कोणती पेटी उचलली हे बाहेरून कळत नाही, म्हणून प्रत्येकाने दवाखान्यातच जायचे. दहा वर्षांच्या मुलाला हे कळले तर तो घरात त्या रात्री बोलेल. मोठी माणसे गोंधळलेली असतात तेव्हा कधी कधी पोरगेच म्हणते, "दवाखान्यात चला न." आम्हाला ते एक वाक्य हवे आहे. पेटीतल्या तसबिरीने ते मिळत नाही.

कायदाही इथे आपल्या बाजूचा आहे, मुलांना नाही तरी मंडळाच्या पोरांना माहीत असावा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचार घेण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हा त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे आणि फसवणे हाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. "ही हातचलाखी आहे" असे सांगून खेळ करणाऱ्याला हा कायदा हात लावत नाही. फसवणूक आणि कला यांतली जी रेषा कायद्याला दिसते ती आपल्या मंडळांना दिसू नये?

काय दाखवायचे नाही, तेही सांगतो. जिभेवर कापूर, पेटते निखारे, तोंडातून जाळ, आपोआप पेटणारे हवन, पाण्याने पेटणारा दिवा: हे सगळे चमत्कार प्रयोगांत वर्षानुवर्षे चालत आले आहे आणि मोठ्यांच्या सभेत त्याला जागा आहे. मुलांच्या कार्यक्रमात नाही. हवनाला लागणारे पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन, दिव्याला लागणारे कार्बाइड पोराच्या हाती लागले की ते घरामागे करून बघणारच. आपण गुपित द्यायचे ठरवले आहे ना? मग जे गुपित देण्यासारखे नाही ती युक्ती करायचीच कशाला?

आणि कवटी नको. हाडे नकोत, "काला जादू" नको, मुलीला पेटीत घालून करवतीने कापणे नको, मंचावर बोलावलेल्या लहान पोराला "आता तुझा बळी देतो" म्हणून रडवणे तर मुळीच नको. यवतमाळ जिल्ह्यात तरी हा विनोद कोणाला सुचू नये. २०१२ सालच्या, घाटंजी तालुक्यातल्या, सात वर्षांच्या मुलीच्या नरबळीचे प्रकरण ज्यांना आठवत नाही त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारावे. ती मुलगी आज असती तर या लेखाच्या वाचकांच्या वयाची असती. मुलांना भीतीचा सराव देणारा कार्यक्रम मनोरंजन म्हणून मंडपात आणायचा आणि नंतर गावात भीती का आहे म्हणून भाषण द्यायचे, हे जमणार नाही.

याच भीतीचे दुसरे टोक धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला दिसले. १ जुलै २०१८ ला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसे होती ती. "झोळीवाला येईल आणि घेऊन जाईल" असे म्हणत ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना झोपवले त्या समाजाने व्हॉट्सअॅपवरच्या अफवेवर लगेच विश्वास ठेवला. म्हणून पेटीवाल्याविषयी आम्ही सुरुवातीला जे म्हणालो ते आता पुरे करतो.

हातचलाखीची कला या देशात जपली कोणी? मदाऱ्याने, गारुड्याने. वाट्या आणि गोळ्या, टोपलीतले पोरगे, दोरी कापून जोडणे हे रस्त्यावर, धुळीत, चारही बाजूंनी लोक उभे असताना करून दाखवणारे हे लोक. स्टेजचा पडदा नाही, आरसे नाहीत, दिवे नाहीत. याला आपण काय दिले? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ साली गेला, पण १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, खेळ करणे या निमित्ताने पैसे मागणे हेही भिकेच्या व्याख्येत बसवले. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. तेव्हा हिशोब करा. हातातून राख काढणारा मदारी पोलिसांच्या लेखी भिकारी. तीच राख, म्हणजे भाताच्या पेजेत घट्ट केलेली गोळी अंगठ्याच्या बेचक्यातून चुरडून, काढणारा महाराज मात्र आश्रमाचा धनी, त्याच्या दर्शनाला मंत्री. युक्ती एक. फरक जातीचा, कपड्यांचा आणि खोटे बोलण्याच्या तयारीचा. मदारी खेळ संपल्यावर "पापी पेट का सवाल है" म्हणतो, दैवी शक्तीचा दावा करत नाही. या दोघांत प्रामाणिक कोण?

म्हणून बुवाचे गुपित उघडा, मदाऱ्याचे उघडू नका. बुवाचे गुपित म्हणजे लुटीचे हत्यार, कलावंताचे गुपित म्हणजे त्याची भाकरी. त्याला सन्मानाने सुपारी द्या, नावाने माइकवर बोलवा, "ही माझ्या हाताची कला आहे, यात मंत्र नाही" एवढे त्याच्याच तोंडून मुलांना सांगायला लावा आणि बिदागीत घासाघीस करू नका. डीजेवाल्याशी करता का? त्याच्या पेटीतून त्याने फुले काढावीत, रुमाल काढावेत, पाहिजे तर ससा काढावा. बाबासाहेब नकोत, एवढीच अट. शक्य असेल तिथे मॉलमधला "मॅजिशियन" सोडून भटक्या समाजातला कलावंत शोधा.

शेवटी अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या मित्रांशी दोन शब्द. तुमच्या कामाचे ऋण आम्ही मानतो. अब्राहम कोवूरांनी १९६३ साली लाखाचे बक्षीस लावले आणि ते कोणाला जिंकता आले नाही, बी. प्रेमानंदांनी गावोगाव फिरून बाबांची हातचलाखी उघडी केली, महाराष्ट्रात तुम्ही हजारो शाळांत हे प्रयोग नेले. तक्रार एकच आहे. तुमच्या प्रयोगांत बुवा बहुतेक वेळा वस्तीतला, झोपडीतला, जटा वाढवलेला असतो. कधी मुहूर्त काढणारा, वास्तुदोष सांगणारा, सत्यनारायण घालणारा, पत्रिका जुळवणारा पांढरपेशा बुवाही त्या मंचावर आणा. मुलांना हे दाखवणे अवघड नाही. दहा मुलांच्या हातात एकच राशिभविष्य घडी करून द्या, प्रत्येकाला "हे खास तुझे" सांगा, किती जुळते ते विचारा, आणि मग सगळ्यांना एकमेकांचा कागद वाचायला लावा. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा रांगा फक्त झोपडपट्टीत लागल्या नव्हत्या. चमच्यातले दूध पृष्ठताणाने ओढले जाते हे समजायला जे शिक्षण लागते ते असलेलेही रांगेत होते.

या जयंतीला जे मंडळ हे करू इच्छिते त्यांनी वेळ संध्याकाळची ठेवावी, ऊन उतरल्यावर, भोजनदानाच्या आधी, कारण जेवल्यावर मुले पेंगतात. मंच नको, सतरंजीवर गोल करा. मोठ्यांना मागे खुर्च्या द्या, पण हळदीच्या वेळी बायांना पुढे बोलवा. चाळीस मिनिटांहून लांबवू नका. आपल्या वस्तीत झाले की दुसऱ्या दिवशी तेच सामान घेऊन जवळच्या कोलामांच्या पोडावर, पारध्यांच्या बेड्यावर जा. तिथे साप जास्त निघतात आणि दवाखाना लांब असतो. काड्यापेट्या दहा नका नेऊ, तीस न्या. पोरे त्या परत देत नाहीत.